जर्मनचे पातेले

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आपण घरोघर 'जर्मनची भांडी' म्हणत आलो. पण तांब्या-पितळेचा मान त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. लग्नात आहेर द्यावा तो पितळेचा, नाव घालावे ते पितळेवर. जर्मन बिचारे बिननावाचे!

वडील गेल्यावर आमच्या अक्कलकोटच्या घरातले पितळ एकेक करून मोडीत गेले आणि फडताळात जर्मन आले. पाहुण्यांची चाहूल लागली की आई ती भांडी आत सरकवी. आमच्याकडचे पाणी जड. ते उकळले की पातेले आतून काळे पडे. मग आई राखेने आणि काथ्याने ते घासत बसे.

गंमत अशी, की फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने म्हणे मानाच्या पाहुण्यांपुढे याच धातूची पात्रे मांडली होती! 1886 साली हॉल आणि एरू यांनी तो विजेच्या साहाय्याने काढण्याची युक्ती शोधली, तो स्वस्त झाला आणि त्याची अब्रू गेली.

आमच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, "अहो, तुमचा हात ॲल्युमिनियमला लागतच नाही." कारण हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचे कवच धरते, जाडी अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरचे शंभर कोटी भाग करून त्यांतले दोन-चार! लोखंडाचा गंज पापुद्रे धरून गळतो. हे कवच मात्र अंगाला घट्ट चिकटते. माणिक आणि नीलम हीसुद्धा याच ऑक्साइडची रूपे. चिंचेचा आंबटपणा तेवढा त्याला सोसत नाही.

या कवचातले अणू जत्रेतल्या गर्दीसारखे, रांग नसलेले. पण आम्लात बुडवून वीज सोडली, की पोळ्यासारखी षट्कोनी घरे उभी राहतात आणि प्रत्येक घरात एक सूक्ष्म छिद्र असते. केलर, हंटर व रॉबिन्सन यांनी 1953 साली ही रचना मांडली. ती छिद्रे रंग पितात. मग उकळत्या पाण्याने त्यांची तोंडे मिटतात. रंगीत पेल्यांचे गुपित हेच.

आईला मी हे सारे सांगितले. पातेल्याचा काळेपणा म्हणजे दाट झालेले कवचच; घासून काढले तरी ते लगेच नव्याने धरते, हेही सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भांडं धडच होतं म्हण की!"

आता घरात सगळे स्टील आहे. जर्मनचे एकच पातेले उरले आहे. यंदा चकल्यांची उकड आईने त्यातच काढली, आणि पाहुणे बसले होते तरी ते आत सरकवले नाही.