सांबाराच्या पलीकडचे तंजावर

तंजावरला निघालेला मराठी प्रवासी दोन गोष्टी गाठीला बांधूनच निघतो. एक, बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख. आणि दुसरी, सांबाराची कथा. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, आमटीत चिंच पडली, पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीमहाराजांना ती रुचली आणि त्यांच्या नावावरून त्या पदार्थाला सांबार म्हणू लागले, अशी ही कथा. तिला समकालीन आधार कोणी दाखवलेला नाही. 'संभार' हा शब्द मात्र मसाल्याच्या जिनसा या अर्थाने जुना आहे आणि विदर्भात आजही कोथिंबिरीला सांभार म्हणतात. पदार्थाच्या बारशाला राजपुत्राने हजर असायलाच हवे असे नाही. तरीही ही कथा मरत नाही, कारण ती आपल्याला सुखावते. आपण दक्षिणेत गेलो आणि तिथल्या लोकांना जेवायला शिकवले, असा तिचा सूर आहे. आम्ही तिघेही मराठी साहित्य शिकवतो. तंजावरातले दोन दिवस आम्ही या सुराच्या खुणा आणि त्याला छेद देणाऱ्या खुणा, दोन्ही पाहत हिंडलो.

बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केले. ग्रॅनाइटचे विमान साठ मीटरांहून उंच. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असे वाटाड्या आम्हांला ठासून सांगत होता, तेव्हा आम्ही उन्हाला कंटाळून त्याच सावलीत उभे होतो. खरी नवलाई विमानाच्या पायथ्याशी आहे. तिथे चोळकालीन तमिळ लेखांची रांगच लागली आहे: दिलेली गावे, सोन्याचांदीची भांडी, दागिने, आणि देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नावे, त्या कोणत्या रस्त्यावर राहत यासकट. हजार वर्षांपूर्वीच्या एका नाचणाऱ्या बाईचा पत्ता आपल्यासमोर असतो आणि राजाचा पराक्रम क्षणभर विसरायला होतो.

याच प्रांगणात नैर्ऋत्येकडे दुसऱ्या सरफोजीने १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरवून घेतला. मराठी माणूस येथे छाती फुगवून छायाचित्र काढून घेतो, आम्हीही काढून घेतले. पण सन ध्यानात घेतला म्हणजे लेखाचा अर्थ पालटतो. १७९९ साली सरफोजीने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला होता. हाती किल्ला आणि तनखा उरल्यावर चार वर्षांनी त्याने आपला वंश दगडावर लिहवला. ज्याच्याजवळ राज्य असते तो दानपत्रे कोरवतो, ज्याचे गेलेले असते तो वंशावळ, असे आमच्यातला एकजण म्हणाला. विधान जरा फारच गोळीबंद आहे, पण त्या भिंतीपुढे ते खोडून काढावेसे वाटले नाही.

तिथेच एक वृद्ध गृहस्थ भेटले. आमचे बोलणे ऐकून ते जवळ आले आणि मराठीत बोलू लागले. शब्द आपले, हेल तमिळ. पहिली दोन वाक्ये आमच्या कानांनी तमिळ म्हणूनच ऐकली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हीच भाषा, मात्र शाळा तमिळ आणि नोकरी इंग्रजीत, त्यामुळे देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. लहानपणापासून ते या भिंतीसमोरून जात आले होते. आम्ही काही ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. ते मान डोलवीत ऐकत राहिले. फार्सी शब्दांपाशी अडले, तिथे आम्हीही अडलो.

दुसरा दिवस राजवाड्यात गेला. सरस्वती महालात हजारो मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडीतले दरबारी कागद. प्रवाशाला दिसतो तो एका दालनातला नमुना. तो पाहताना मनात सारखी आपल्या अभ्यासक्रमाची आठवण येत होती. आपण विद्यार्थ्यांना सांगतो की मराठी नाटक १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून सुरू झाले. तंजावरच्या शहाजीराजाची (१६८४ ते १७१२) मराठी नाटके त्याआधी सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी. त्यांना पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद मिळतो, तोही परिशिष्टाच्या तोंडवळ्याचा. ती 'आपल्यासारखी' दिसत नाहीत, ही त्यांची अडचण आहे. 'पंचभाषाविलासा'त चार देशींच्या राजकन्या तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी बोलतात, आणि कृष्ण संस्कृतात उत्तरे देतो. सरफोजीच्या 'देवेंद्र कुरवंजी'त तर डोंगरातली भविष्य सांगणारी कुरव स्त्री, म्हणजे अस्सल तमिळ नाट्यप्रकारातले पात्र, मराठीत चक्क जगाचा भूगोल सांगते. यावर परीक्षेत प्रश्न काढायचा तर तो कोणत्या घटकाखाली? आमच्या मते हा प्रश्न टाळण्यासाठीच आपण तो परिच्छेद इतका छोटा ठेवला आहे.

दुपारी एका साध्या मेसमध्ये केळीच्या पानावर जेवलो, आणि सांबारापेक्षा खात्रीचे साक्षीदार पानावरच भेटले. रसवांगी: नाव इतके उघड की फोड करून सांगायला नको. डांगर पच्चडी: उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी; आमच्या आज्या ताकातले डांगर करीत त्याची सख्खी बहीण. आणि पिटलै. पिठल्याचा हा तमिळ वंशज म्हणतात, पण त्यात बेसन नाही. कारले किंवा वांगे, तुरीची डाळ, चिंचेचा कोळ, आणि धने, हरभऱ्याची डाळ, मिरची, खोबरे भाजून केलेले वाटण. नाव मुक्कामाला पोहोचले, पदार्थ वाटेतच बदलला. येथे कोणी कोणाला शिकवले हे सांगता येणार नाही, आणि म्हणूनच ही नावे आम्हांला त्या कथेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात. शेवटी आलेल्या कॉफीबद्दल काही लिहू नये, ती प्यावी.

संध्याकाळी त्या गृहस्थांनी घरी बोलावले होते. त्यांनी दिवंगत पत्नीची पाककृतींची वही काढली. पाने तेलकट, अक्षर तमिळ. आम्हांला एक शब्द वाचता येईना. मग ते वाचू लागले आणि आमच्या ध्यानात आले की भाषा मराठी आहे. भिंतीपाशी आम्ही वाचत होतो आणि ते ऐकत होते. येथे नेमके उलटे झाले. वांगी किती, चिंच किती, डाळ कितपत शिजवायची, सारे त्या बाईंच्या बोलण्यातल्या मराठीत. पिटलैची कृती आम्ही देवनागरीत उतरवून घेतली. मथळ्यापाशी मात्र अडलो. तमिळ लिपीत ट आणि ठ यांना वेगळी अक्षरे नाहीत, तेव्हा बाईंच्या मनात कोणते अक्षर होते ते वही सांगेना. गृहस्थांना विचारले, तर त्यांनी तो शब्द तीनदा उच्चारला आणि तिन्ही वेळा आम्हा तिघांना तो वेगवेगळा ऐकू आला. परतीच्या गाडीत तिरुच्ची येईपर्यंत आमचा यावरच वाद चालला होता.