इंजिनाचीही जोडी जुळवा

विहिरीवरचं डिझेल इंजिन खोललं, की "भारी पिस्टन टाका, पाणी जास्त ओढेल," असं सांगणारे आमच्या लोह्यात जागोजागी भेटतात. मी मात्र जुना पिस्टन पुसून पिशवीत नेतो. नव्याशी वजन काट्यावर ताडून पाहतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन सेकंदाला २५ वेळा वर-खाली होतो. वजन बदललं की हादरे बसतात, बेअरिंग लवकर जातं. कनेक्टिंग रॉड वाकलेला नको, आणि त्याच्या खालच्या टोकाची टोपी त्यालाच लावा. माळेगावच्या जत्रेत लाल कंधारी बैलजोडी आपण उंची नि चाल जुळवूनच घेतो ना? तसंच हे. ऐन हंगामात रॉड तुटून ब्लॉक फुटला, तर ओंबीत आलेला गहू पाण्यावाचून डोळ्यांदेखत वाळेल.