जोशी गोडच हवा

जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक बसवायला घेतलं की पहिला पेच पडतो तो त्यातल्या भविष्य सांगणाऱ्या जोशीचा. नटाच्या डोक्यात तो तयारच असतो: शेंडी, उपरणं, तिरकी नजर, आवाजात कावा. मोठ्या मैदानावर, लांबच्या प्रेक्षकासमोर असा जोशी चालूनही जाईल. पण आमचे प्रयोग होतात शाळेच्या वर्गात, वाचनालयाच्या माडीवर, कधी कामगार संघटनेच्या हॉलमध्ये. पहिली रांग नटापासून हातभर अंतरावर. तिथे लबाडी कपाळावर लिहिलेला जोशी आला की प्रेक्षक सुटतो. हा वाईट माणूस, आपण त्यातले नव्हे, असं ठरवून पुढचा तासभर निवांत बसतो. म्हणून मी वाचनाच्या पहिल्या दिवशीच सांगते, जोशी गोड हवा. घरातल्या वडीलधाऱ्यासारखा.

नाटकातली जोगाई, कुणब्याची बायको, गरोदर आहे. जोशी येतो आणि पोटातल्या मुलाच्या वाईटावर ग्रह आहेत अशी भीती घालतो. आमचा जोशी हे लगेच बोलत नाही. आधी मायेने विचारपूस करतो, मग पंचांग उघडतो आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागतो. एकदा मोजतो. थांबतो. पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू करतो. दुसऱ्या वेळेला जोगाईचा हात आपोआप पोटावर जातो, आणि समोर बसलेल्या बायका किंचित पुढे झुकलेल्या मला दिसतात. ग्रहांबद्दल तो अजून एक शब्दही बोललेला नसतो. सिझेरियनचा मुहूर्त काढून डॉक्टरांकडे जाणारी घरं आपल्या आजूबाजूला आहेत. त्या प्रेक्षकाला काळजीच्या सुरातली भीती ओळखीची असते. विनोदी जोशी हे कधीच साधणार नाही.

मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात ते विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ चं. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीरावांनी एक कुणबी जोडपं नाटकाच्या मधोमध आणून बसवलं. पुराणातली पात्रं, राक्षस यांचा तो जमाना. त्यात ही नवराबायको, जोशी, पाद्री आणि विदूषक. त्यांनी ते ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं आणि कमिटीने नापसंत केलं, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवलं. संहिता छापून आली ती १९७९ मध्ये. मधल्या काळात मराठी रंगभूमीने संगीत नाटक पाहिलं, प्रायोगिक चळवळ पाहिली, दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' संस्थेचे प्रयोग सुरू झाले. 'तृतीय रत्न' मात्र कुणाच्या तोंडी बसलेलं नव्हतं. या नाटकाला कसं म्हणायचं याची परंपराच नाही, आणि दिग्दर्शक म्हणून मला ही मोठी मोकळीक वाटते. जुना कुणी थोर नट त्यातल्या वाक्यांवर बसून राहिलेला नाही.

पाद्री अवघड आहे. तो मूर्तिपूजेवर बोलत राहतो आणि आजच्या कानांना ते प्रवचन वाटतं. काढून टाका, असा सल्ला हमखास मिळतो. मी काढत नाही. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्या काळच्या पुण्यात शूद्राच्या मुलाशी धर्मावर तोंडासमोर वाद घालणारा माणूस कोण होता, हे झाकून इतिहास सोयीचा करण्यात मला रस नाही. भाषणं आखडती घेते, आणि ती चालू असताना उजेड कुणब्यावर ठेवते. पाद्री काय बोलतो यापेक्षा तो माणूस ते कसं ऐकतो, हे महत्त्वाचं.

प्रयोगानंतर चहा पिताना कुणीतरी जोशी करणाऱ्याजवळ येऊन हळूच विचारतं, "तुमचं आडनाव काय?" हे होतंच. उत्तर काहीही असलं तरी विचारणाऱ्याला त्यातून काहीतरी सुटका हवी असते. पत्रकावर नटांची नुसती पहिली नावं छापून हा प्रश्न टाळता येतो, पण आम्ही आडनावं ठळक छापतो. शिवाय दोन नटांत जोशी आणि कुणबी आलटूनपालटून करतो. एकाच्या घरात भिक्षुकी होती, दुसऱ्याचे वडील शेती करतात. पहिल्याला पेरं मोजणं हातातलंच. तो सफाईने मोजतो. दुसऱ्याचा जोशी मला जास्त घाबरवतो. त्याने लहानपणी ओसरीवर बसून आईचा चेहरा पाहिलेला आहे, त्यामुळे समोरची बाई नेमकी कुठल्या क्षणी खचते ते त्याला ठाऊक आहे. तो त्या क्षणाची वाट पाहतो, आणि मगच गोड हसतो. अतुल पेठ्यांनी २०१२ मध्ये गो. पु. देशपांड्यांचं फुल्यांवरचं नाटक 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केलं, तेव्हाही ही ताकद दिसली होती. अभिनयाच्या वर्गात नटाला निरीक्षण शिकवता येतं. असं वर्षानुवर्षं सोसत केलेलं निरीक्षण मात्र तो घरून घेऊन येतो, आणि त्याला जागा देणं हे माझं काम.

शेवटी ते जोडपं जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. इथे फुल्यांची तसबीर उजळावी, पोवाडा लागावा, असा मोह प्रत्येक तालमीत कुणाला तरी होतो. मी हट्टाने नाही म्हणते. ग्रहांच्या भीतीने पदरचं जोशीच्या घशात गेलेलं आहे, ते शाळेत नाव घातल्याने परत येत नाही. रात्री पाटीवर अक्षरं गिरवली तरी जोगाईला पहाटे दळण आहेच. म्हणून आमची जोगाई शाळेचं वाक्य जात्यावर बसून, खुंटा न सोडता म्हणते, आणि दळण अर्धं असतानाच नाटक संपतं. टाळ्या थोड्या उशिराने येतात. बऱ्याचदा त्याआधीच कुणीतरी प्रश्न विचारतं, आणि आम्ही नट, प्रेक्षक सगळे सतरंजीवर बसून बोलायला लागतो.