चिखल्याची सांदवाडी

तुमसरहून उत्तरेकडे गोबरवाहीच्या वाटेने निघालो, की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. मार्गशीर्षात धान कापून झालेले असते आणि बांध्यांत लाखोळीची हिरवळ दिसू लागते. पुढे सातपुड्याच्या टेकड्या जवळ येतात आणि मातीचा रंग बदलतो. रस्त्याकडेला काळसर दगडांचे ढीग दिसले, की समजावे, चिखला आले. हे गाव मँगनीजच्या खाणीचे. येथे भूमिगत खाण आहे. शेजारच्या डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. १९६२ साली स्थापन झालेली, आज ‘मॉयल’ या नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी या खाणी चालवते. त्याही आधी, इंग्रजांच्या काळापासून, या पट्ट्यातून मँगनीज बाहेर जात आले आहे.

वाचकहो, आपण कधी या गावी आलात, तर खाण अवश्य पाहा. पण नंतर घरांच्या मागच्या बाजूलाही एक फेरी मारा. आमच्या भंडारा जिल्ह्यात घरामागच्या त्या तुकड्याला ‘सांदवाडी’ म्हणतात. पुस्तकी मराठीत तिला परसबाग म्हणता येईल. बांबूच्या मांडवावर वालाच्या शेंगा लोंबत असतात, कुंपणावर दोडका चढलेला असतो, मोरीचे पाणी जिथे मुरते तिथे धोप्याची पाने पसरलेली असतात. एका वाफ्यात अंबाडी, दुसऱ्यात सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. आणि कोपऱ्यात मुंगण्याचे, म्हणजे शेवग्याचे, एक झाड.

अशाच एका सांदवाडीने मला माझी चूक दाखवून दिली. तीच आज आपल्याला सांगायची आहे.

खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझे जुने रुग्ण. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. रक्तदाब गोळीने आटोक्यात. एका पावसाळ्यात ओल्या वाफ्यात त्यांचा पाय घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाल्यावर मुलाने मला विचारले, “आता बाबांना बागेत जाऊ द्यायचं का?” मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “आता पुरे झाले. त्यांना आराम करू द्या.” मुलाने माझा शब्द मानला आणि सांदवाडीच्या फाटकाला कडी घातली.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा मनगट उत्तम जुळले होते; माणूस मात्र खंगला होता. वजन उतरले होते. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार लागत होता. दिवसा डुलक्या आणि रात्री जाग, असे चक्र सुरू झाले होते. मी झोपेची तक्रार विचारली, तर म्हणाले, “सकारी उठून जाऊ कोठं, तेच समजत नाही जी.” त्या वाक्यावर माझ्याकडे औषध नव्हते.

आपण वैद्यकीय अंगाने पाहू. उतारवयात स्नायू वापरले नाहीत, तर ते झपाट्याने झिजतात. मांड्या दुबळ्या झाल्या, की तोल जातो. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो आणि त्यामुळे पडण्याचा संभव उलट वाढतो. ज्या अपघातापासून मी त्यांना वाचवू पाहत होतो, त्याच्याकडेच मी त्यांना ढकलत होतो. पण हा केवळ मांड्यांचा प्रश्न नव्हता. म्हणून एका रविवारी मी चिखल्याला गेलो आणि लोकांना एकच प्रश्न विचारत हिंडलो: भाजी बाजारात मिळते, मग हे कष्ट कशासाठी?

भाजी ताजी मिळते, पैसे वाचतात, ही उत्तरे पहिल्या मिनिटात आली. खरी कारणे त्यानंतर निघाली. एका आजींनी सांगितले, की मांडवावरचा वाल त्यांच्या माहेरचा आहे. लग्नानंतर आईने पदरात बांधून दिलेले बी त्या दरवर्षी राखेत घोळून ठेवतात. आई गेली, माहेरचे घरही राहिले नाही. ती चव मात्र दर हिवाळ्यात परत येते. आपल्याकडे बियांशी असलेले हे नाते किती खोल आहे, ते अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशाला दाखवले. गावरान वाणांचे बी जपण्याच्या कार्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. चिखल्याच्या आजींजवळ एका गाडग्यापुरतेच बी आहे, पण जपणूक त्याच जातीची.

त्याच आजी पुढे हळू आवाजात म्हणाल्या, “घरात समदं सुनेच्या हाती हाय, आन् ते बराबरच हाय. पन मांडवाखाली काय लावाव, ते मी ठरवतो.” वृद्धापकाळात माणसाच्या हातून एकेक निर्णय निसटत जातो: पैशाचा, प्रवासाचा, जेवणाच्या वेळेचासुद्धा. सांदवाडी हा शेवटचा, स्वतःच्या सत्तेचा तुकडा असतो.

एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांच्या घरी दोनच माणसे. पण लवकी आणि कोहळी दहा घरांना पुरतील इतकी. ते स्वतः फारसे खात नाहीत, वाटतात. लवकी घ्यायला शेजारी येतो, घटकाभर बसतो आणि बोलतो. त्यांना हवी असलेली वस्तू तीच आहे.

आणि माझे ते रुग्ण? त्यांनी अनेक वर्षे जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात काम केले होते. निवृत्तीनंतर सकाळचे ऊन अंगावर घेत उभे राहणे हाच त्यांचा आनंद होता, आणि उभे राहायला वाफा हे निमित्त. मी ते निमित्तच काढून घेतले होते.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धसेवागृहात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका गटातील वृद्धांना सांगण्यात आले, की आपल्या दिनक्रमाचे निर्णय आपणच घ्या. सोबत एकेक रोपटे दिले आणि त्याची निगा त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या गटालाही रोपटी मिळाली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे राहिले. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातील वृद्ध अधिक आनंदी, सावध आणि हालते-फिरते आढळले. प्रयोग लहान होता, आणि सारे श्रेय रोपट्याला देता येणार नाही. तरी चिखल्याच्या आजी जे बोलल्या, तेच तेथेही दिसले: रोपटे खोलीत असण्यापेक्षा ते आपल्या हाती असणे महत्त्वाचे.

त्यानंतर आम्ही मार्ग काढला. मुलाने फाटकाजवळ विटांचा अडीच फूट उंचीचा ओटा बांधला आणि त्यात माती-शेणखत भरले. रुंदी एवढीच ठेवली, की एका बाजूने हात पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचावा. बसायला पाठीचे स्टूल, उठताना धरायला पक्का खांब, आणि जाण्यायेण्याची वाट फरशीची. आरंभी मेथी पेरली, कारण ती चार-पाच दिवसांत उगवते आणि महिनाभरात खुडायला येते. आपल्या घरी अंगण नसेल, तर खिडकीतल्या दोन कुंड्यांनीही आरंभ होतो.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना एक विशेष सांगणे आहे. आपल्या घरी स्मृतिभ्रंशाचे वृद्ध असतील, तर त्यांच्यापुढे मेथीची जुडी निवडायला ठेवून पाहा. नावे विसरलेले हातसुद्धा पाने खुडण्याचे पुष्कळदा विसरत नाहीत. ते शांत असतील, तेवढा वेळ आपणही जवळ बसून चहा घ्या. आपल्यालाही विसाव्याची गरज आहे. मात्र कीटकनाशके कुलपातच ठेवावीत आणि धारदार विळी दूर असावी.

आणखी काही पथ्ये सांगतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो; उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत आटोपावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर उन्हात अधिक जपावे. उकिडवे बसून एकदम उठू नये, चक्कर येते. मधुमेह असेल, तर अनवाणी जाऊ नये आणि रात्री तळपाय पाहावेत. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. अंधारात विजेरीशिवाय मांडवाखाली जाऊ नये. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. गवतातील किडे चावून होणारा स्क्रब टायफस विदर्भात २०१८ साली अनेकांना झाला; म्हणून पाय झाकावेत आणि ताप आल्यास डॉक्टरांना बागकामाविषयी आवर्जून सांगावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या पोटात जाव्यात. सांदवाडीमुळे ते सोपे होते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध सुरू असेल, तर पालेभाज्या किती खाव्यात, ते आधी डॉक्टरांना विचारावे. खाणीच्या परिसरात धूळ पानांवर बसते; भाजी तीन पाण्यांनी धुवावी.

या मार्गशीर्षात मी पुन्हा तेथे गेलो. गृहस्थ ओट्याशी उभे होते. रात्री अजून एकदा जाग येते, मांड्याही पूर्वीसारख्या भरल्या नाहीत. पण स्टुलावरून ते हात न टेकता उठले. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या घातल्या आणि बजावले, “पंधरा दिवसांनी सांभार निघते जी, तवा या.” मी तारीख लिहून घेतली. चार महिने ज्यांना उद्याच्या सकाळीचेच काय करावे ते उमगत नव्हते, त्यांनी मला पंधरा दिवसांनंतरचे निमंत्रण दिले होते.