प्रोबेबल आणि पॉसिबल

अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदणीच्या नियमांत शंकेच्या शब्दांची एक यादीच आहे. पॅथॉलॉजिस्टने ‘प्रोबेबल’ लिहिलं तर कॅन्सर धरायचा, ‘पॉसिबल’ लिहिलं तर नाही. ‘कन्सिस्टंट विथ’ चालतं, ‘सजेस्ट्स’ चालत नाही. मराठीत या सगळ्याला आपण ‘शक्यता आहे’ म्हणून मोकळे होतो.

*

जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट म्हणजे निबंधच. स्तनातल्या गाठीचा आकार मध्येच कुठेतरी, कडा मोकळ्या आहेत का ते शेवटी, काखेतल्या किती गाठींत रोग पोचला ते कधी राहूनच गेलेलं. माणूस वाचून काढतो, यंत्र अडखळतं. ‘कॅन्सर आढळला नाही’ यातही ‘कॅन्सर’ आहेच की! म्हणून कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सने अवयवागणिक तक्ते करून दिले. प्रश्न ठरलेले, बहुतेक उत्तरंही यादीतून निवडायची.

*

8500/3. स्तनाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरचा नोंदणीतला हा कोड. तिरप्या रेघेपुढचा 3 म्हणजे आजूबाजूच्या पेशीजालात शिरलेला. 2 असता तर अजून दुधाच्या नळीतच. बोट एक कळ सरकलं की बाई दुसऱ्याच रकान्यात.

*

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात कॅन्सरची नोंद 1935 पासूनची. राज्याराज्यांतल्या नोंदणीला केंद्राचा पैसा देणारा कायदा 1992 चा. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2019 पासून पॅथॉलॉजिस्टांनाच निदान इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवायला लावलं. मला हे पटतं. त्वचेवरचा मेलॅनोमा कित्येकदा डॉक्टरच्या दवाखान्यातच काढतात, रुग्ण हॉस्पिटलची पायरी चढत नाही. काढलेला तुकडा मात्र लॅबमध्ये जातोच. हॉस्पिटलच्या फायलींवर विसंबलं तर असे रुग्ण सुटतात.

*

आणि तुकडाच लॅबमध्ये गेला नाही तर? मुंबईची कॅन्सर नोंदणी 1963 मध्ये सुरू झाली, तिथे निदान हॉस्पिटलं तरी होती. बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 ची. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली गावं. नोंदणीचे कर्मचारी गावात जाऊन कॅन्सरची लक्षणं समजावून सांगत, कुणाला तसं काही दिसलं तर दवाखान्यात जायला तयार करत. नोंद त्यानंतर.