सौंसर-पांढुर्ण्याच्या वाटेवर

नागपूरहून निघून सावनेर मागे टाकले, की राज्याची सीमा केव्हा ओलांडली हे पाटी वाचल्याखेरीज ध्यानात येत नाही. काळी माती तीच, संत्र्यांच्या बागा त्याच आणि लोकांच्या ओठी मराठीही तीच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा या तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला.

सौंसर पाहून आम्ही जाम नदीकाठच्या पांढुर्ण्यास गेलो. दिवस वेचणीचे होते. दुतर्फा कपाशी फुटली होती. येथल्या घरात लग्न, शिक्षण, कर्जफेड, सारे कापसाच्या भावावर अवलंबून. पण ज्या आकड्याकडे शेतकरी धास्तीने पाहतो, त्याच आकड्यावर मुंबईत एके काळी जुगार चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे थांबले. मग १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला व १९६४ साली रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. कापूस गेला, आकडा मात्र उरला.

आता हा आकडा यंत्रावर झळकतो. गोव्यात १९९२ साली कायदा बदलून पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांच्या जुगारयंत्रांना परवानगी मिळाली. अशी अनेक यंत्रे एकमेकांस जोडून जॅकपॉटचे मोठे बक्षीस उभारता येते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात १९८६ साली निरनिराळ्या ठिकाणची यंत्रे जोडून ‘मेगाबक्स’ सुरू झाले. २००३ साली लास वेगास येथे त्याचे सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलरचे बक्षीस एकाच व्यक्तीस मिळाले.

एवढी रक्कम येते कोठून? प्रत्येक डावातील अल्पसा अंश सामायिक गंगाजळीत पडतो. समजा, तो अंश शेकडा एक आहे. म्हणजे दहा रुपयांतील दहा पैसे. या हिशेबाने शून्यापासून एक कोटीचे बक्षीस जमण्यास लोकांनी शंभर कोटींचे डाव खेळावे लागतात! “पुष्कळ दिवस बक्षीस लागले नाही, आता लागणारच,” असे खेळणारा म्हणतो. पण यंत्रास मागचे काही आठवत नाही. प्रत्येक डावाची सोडत नव्याने होते.

आपल्या मायभगिनी भिशी लावतात, तेथेही अनेकांचे पैसे एका हाती जातात. परंतु भिशीत पाळी प्रत्येकीची येते आणि भरलेली रक्कम पुरी परत मिळते. जॅकपॉटमध्ये पाळी नाही. शिवाय चालविणारा आपला वाटा आधीच काढून घेतो.

पैसे लावून ऑनलाइन खेळण्याच्या खेळांवर २०२५ साली संसदेने बंदीचा कायदा केला. कायदा आपल्या ठिकाणी योग्यच. तथापि घरातील तरुणास हा हिशेब समजावून देणे आईबापांच्याच हाती आहे. पाऊस व भाव यांच्या भरवशावर शेतकरी वर्षभर आधीच मोठा डाव मांडून बसलेला असतो. त्याच्या गाठीच्या चार पैशांवर आणखी एक डाव कशास हवा?