वेळासच्या काकांचं देणं

तेलंगणातल्या नेरडीगोंड्यात सडकेला लागून माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, यावर घर चालतं. समुद्र मी पिक्चरमध्येच पाहिला होता. पुण्यात शिकणारा भाचा एका मार्चमध्ये मला वेळासला घेऊन गेला. तिथल्या एका कासवमित्राचं देणं माझ्यावर आहे. गाव त्यांना नुसतं काका म्हणतं.

वेळास म्हणजे मंडणगड तालुक्यातलं नाना फडणविसांचं मूळ गाव. या किनाऱ्यावर पूर्वी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, 2002 मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला घेतली आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरून ठेवतात. पन्नासएक दिवसांनी पिलं वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावर झाकलेली टोपली उचलून बघायची, निघाली असली की समुद्राकडे सोडायची.

त्या पहाटे टोपल्या उचलण्याआधी गावकरी आणि बाहेरून आलेली पोरं किनारा साफ करत होती. नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा वाळूतून डोकावत होता. दोघं जोर लावून ओढायला लागले, तर काकांनी थांबवलं. गुडघ्यांवर बसून त्यांनी हातांनीच भोवतालची वाळू उकरली. ओढलं की तुटतं आणि अर्धं आतच राहतं, म्हणाले. मग पावलांचे खड्डे बुजवायला लावले. बोटभर पिलाला माणसाचं पाऊल म्हणजे विहीरच.

मी फ्लॅश चढवून तयार! आम्हा लग्नवाल्यांचा हात आधी फ्लॅशकडेच जातो. काका काही बोलले नाहीत. फ्लॅश काढून त्यांनी माझ्याच पिशवीत ठेवला. पिलं उजेडाच्या दिशेने चालतात, हे नंतर सांगितलं. त्या दिवशी असेल तेवढ्या उजेडावर थांबायला मी शिकलो. आज मांडवातही हॅलोजन बंद करायला सांगतो, तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे विचित्र बघतं.

पिलं पाण्यात गेली, मी कॅमेरा आवरायला लागलो. तेव्हा काका म्हणाले, "पिलांचे फोटो काय, सगळेच काढतात हो. आमची पडवी काढा, माजघर काढा. लोक आधी विचारतात, राहायचं कुठं?"

दुपारभर मी घराघरांतून हिंडलो. शेणाने सारवलेलं अंगण, पाहुण्यांसाठी घातलेल्या गाद्या, ताटातली आंबोळी, सोलकढीची वाटी. कासव बघायला आलेला माणूस गावात जेवला, झोपला, तरच गावाला कासव परवडतं. हे अर्थशास्त्र मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

आमच्याकडे समुद्र नाही, पण कडेम नदीवर कुंतालाचा धबधबा आहे. तिथे टाकलेली बाटली वाहत निघाली तर कडेमचं धरण, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. महाशिवरात्रीच्या जत्रेनंतर गावातली पोरं पायऱ्यांवरचं प्लास्टिक वेचतात, तेव्हा मी फोटो काढायला जातो, पैसे घेत नाही. पाण्याचे फोटो थोडेच. वेचणाऱ्यांचे हात, चहावालीची टपरी, खाली उतरायची वाट, हेच जास्त.

काकांना फोन होतो. किती घरटी झाली, मी विचारतो. पाणी किती आहे, ते विचारतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी वेगळंच विचारलं: "तुमच्याकडे राहायची सोय कुणाकडे होते?" मला दोनच घरं सांगता आली.